काठाचा मोबदला कोणी मोजला? (आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवरची चर्चा)

पालघरचा दादा: सातपाटीच्या किनाऱ्याचे फोटो टाकलेत. बंधारा बऱ्याच ठिकाणी ढासळलाय, भरतीचं पाणी वस्तीपर्यंत येतं. कोळी लोकांना घराची काळजी आहेच, पण मासळी सुकवायची जागाही आटत चाललीय.

नागपूरची वहिनी: बापरे. बरं झालं, आपल्याकडे समुद्र नाही.

मोठेबाबा: समुद्र नाही बाई, पण काठ आपलाही गेला. तू लग्न होऊन आली तवापर्यंत नदी बदलली होती, म्हणून सांगतो. पावसाळा सरला की वैनगंगा हळूहळू उतरे अन् वाळू उघडी पडे. कोणाची डांगरवाडी, म्हणजे वाळूतली वेलाची वाडी, कुठून कुठवर, हे आपल्या ढिवर (मासेमार) मोहल्ल्यात ठरलेलं राहे. वाळूत खड्डे करून शेणखत टाकायचं, बी लावायचं, वेलाले हातानं पाणी घालायचं. उन्हाळ्यात टरबूज, डांगर, काकडी निघे. बाजूच्या उथळ पाण्यात झिंगे भेटत. पाणी कवा हटते, कवा चढते, हे आमाले ठाऊक राहे. त्याच हिशेबानं वाडी अन् जाळं चाले.
आता गोसीखुर्द धरणाचं पाणी 245.5 मीटरपर्यंत भरते. ऐन वाडी लावायच्या दिवसांत वाळू पाण्याखाली राहते. उन्हाळ्यात पाणी हटलं तं खाली चिखल. अन् पाणी झपकन उतरलं की काठच्या गवतावरची माशाची अंडी वाळून जातात.
मोबदला कशाचा भेटला? घराचा अन् वावराचा. वाळू कोणाच्याच सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून ते कोणी मोजलीच नाही.

नागपूरची वहिनी: पण मोठेबाबा, माझ्या माहेरच्या बांधीत कालव्याचं पाणी येतं, धान होतो. ते खोटं कसं म्हणू?

मोठेबाबा: खोटं नाहीच. तुमच्या धानाले पाणी भेटलं, चांगलं झालं. आमचं गेलं तेही लिहा, एवढंच म्हणतो.

गोंदियाचा भाऊ (मास्तर): मोठेबाबा म्हणतात तसंच जगभर होतंय. अलास्कात शिशमरेफ नावाचं इनुपियाक आदिवासींचं गाव एका अरुंद बेटावर आहे. पूर्वी हिवाळ्याआधीच समुद्र गोठायचा आणि वादळाच्या लाटा बर्फावरच अडायच्या. आता बर्फ उशिरा धरतो, त्यामुळे लाटा थेट किनारा खातात. त्याच बर्फावरून ते सीलच्या शिकारीला जातात, म्हणजे घर आणि अन्न दोन्हींवर घाव. 2016 मध्ये त्यांनी गाव हलवायच्या बाजूनं मतदान केलं. ओडिशातल्या सातभायाचं बघा. समुद्रानं गावं गिळली, लोकांना बागपातियात घरासाठी जागा दिली. पण समुद्र आणि शेत मागेच राहिलं. सरकार घर मोजतं, काठ मोजत नाही.

पवनीची आत्या: तलावाचंही तेच हाये. आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पोटात बेशरमची झुडपं माजली. गाळ भरला, कडेची देशी वनस्पती गेली, मंग बोटरी, शिंगूर, मरळ हे देशी मासे कुठं राहीन? मच्छीमार संस्था रोहू-कतल्याचं बीज सोडते, ते इकायले ठीक. पण रोजच्या कालवणातली बारीक मासोळी बायाच आणत होत्या, शिंगाडेही बायाच तोडत. त्याचा हिशेब कोणत्या कागदावर हाये?

गोंदियाचा भाऊ (मास्तर): आत्या, त्याला एक वाट आहे. वनहक्क कायदा 2006 मध्ये मासे आणि पाण्यातल्या इतर उपजांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलाय. मात्र तो वनजमिनीसाठी आहे. नदीच्या वाळूला तो लागेल असं मी सांगणार नाही. तलावाची जमीन नोंदीत वन असेल तर ग्रामसभा दावा करू शकते. आपण अनुसूचित जमातीत नाही, म्हणून 3 पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागेल. आधी तलाठ्याकडून तलावाची जुनी नोंद काढू.

पालघरचा दादा: आणि वाळूचं काय?

गोंदियाचा भाऊ (मास्तर): दावा होवो न होवो, नोंद तर करू. मोठेबाबा, मी येतो तेव्हा नकाशा आणतो. कोणाच्या वाडीला कोणाची वाडी लागून होती, ते तुम्ही सांगा, मी लिहितो. तुमच्यानंतर हे सांगणारं घरात कोणी नाही.

मोठेबाबा: ये. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यालेही बोलावतो. त्याले आमच्यापेक्षा जास्त ठाऊक हाये.

पवनीची आत्या: मास्तर, त्या नकाशावर बायाईचीही नावं टाकजो. वाडीले पाणी आमीच घालत होतो.