सासूला ‘आत्याबाई’ का म्हणायचे?

प्रश्न (जतची नात):
माझी आजी जतची, वय ८७. तिच्या सासूबाई जाऊन ३० वर्षं झाली, तरी बोलण्यात अजून ‘आत्याबाई’च येतात. ‘ही पाटली आत्याबाईंनी घातलेली.’ सासऱ्यांना ‘मामंजी’. मी विचारलं, त्या तुझ्या सख्ख्या आत्या होत्या का गं? तर म्हणे, लांबचंही नातं नव्हतं. मग परक्या बाईला आत्या का? डिसेंबरात माझं लग्न आहे, म्हणून हे जास्तच डोक्यात घोळतंय.

प्रतिसाद (मास्तर):
आमच्या घरात ती हाक खरीच होती. माझी आई तिच्या सख्ख्या आत्याच्या घरात दिलेली. लग्नाआधी आत्या, लग्नानंतरही आत्या, हाक बदलायची वेळच आली नाही. भाच्यानं मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडे पुष्कळ समाजांत आहे. तीच मुलीकडून बघा: तिची सासू म्हणजे तिची आत्या. आत्याच्या नवऱ्याला आमच्या गावात ‘मामा’च म्हणतात, म्हणून सासरे मामंजी. उलट आत्याची मुलगी सून म्हणून आणायची नाही. जिथं मुलगी दिली तिथून मुलगी घ्यायची नाही, यावर माझे आजोबा फार कडक होते. नातं नसलेल्या घरांनीही पुढं हीच हाक मानाची म्हणून उचलली, असं मला वाटतं.

प्रतिसाद (बेळगावकर):
कानडीत ‘अत्ते’ म्हणजे आत्याही आणि सासूही. ‘मावा’ म्हणजे मामाही, सासराही. जत तर सीमेलाच.

प्रतिसाद (मास्तर):
बरोबर, पण हे फक्त सीमेवरचं समजू नका. पैठणच्या सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत एक बाई वाटसरूला सांगते, इथं माझी अत्ता झोपते, इथं मी, उजेडात नीट बघून ठेव. ती ‘अत्ता’ म्हणजे सासू, आणि भाषा आपली महाराष्ट्री प्राकृत!

‘मेहुणा’ही याच घरातला शब्द. मिथुन म्हणजे जोडी, त्यावरून मैथुन, प्राकृतात मेहुण. अधिक महिन्यात आपण ‘मेहूण’ जेवायला बोलावतो, तेही नवरा-बायकोचं जोडपंच. प्राकृतात ‘मेहुणिआ’ म्हणजे बायकोची बहीण आणि मामाची मुलगीसुद्धा. एकाच शब्दात दोघी! या शब्दानं ती रीत जशीच्या तशी जपून ठेवलीय.

जतची नात:
आजीला सगळं वाचून दाखवलं. ‘आमच्या गल्लीत तिघीजणी आत्याच्या घरात दिलेल्या,’ म्हणाली, आणि कोण कुठल्या गावाला गेली ते सांगत बसली.