‘पंचवीस’ सांगितले की मूल ५२ लिहिते
प्रश्न: मी बालवाडीत शिकवते. माझ्या वर्गातील साडेपाच वर्षांची एक मुलगी पंचवीस चिंचोके अचूक मोजते, परंतु तेच पाटीवर लिहायला सांगितले की ५२ लिहिते. यावर काय करावे?

उत्तर १: दोष मुलीचा नसून आपल्या संख्यानामांचा आहे, कारण ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतात आणि लिहायचे मात्र दोन आधी असतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशा धर्तीचे वाचन आले, तेव्हा त्याची थट्टाच अधिक झाली. चिंचोके दहा-दहा करून वाट्यांत भरायला द्या. दोन भरलेल्या वाट्या तिच्या डावीकडे आणि सुटे पाच उजवीकडे मांडून झाल्यावरच अंक लिहू द्या.

उत्तर २: वाट्यांशी सहमत आहे, पण एकोणतीसला मुले पुन्हा अडखळतात, कारण नावात तीस असतात आणि समोर भरलेल्या वाट्या दोनच. तिथे मी सुटे नऊ तिसऱ्या वाटीत घालून एक चिंचोका कमी पडतो हे दाखवते. तसेही, बालवाडीत वीसच्या पुढे लिहिण्याची एवढी घाई कशाला?

प्रश्नकर्ती: घाई पालकांना आहे. वाट्या उद्याच नेते.