दुसऱ्या भागात जोडपी इतकी का भांडतात? (‘आयर्न फ्लेम’, ‘मिस्टबॉर्न’, ब्रिजर्टन)

पानउलट:
‘फोर्थ विंग’ झपाट्यात संपलं, त्याचा दुसरा भाग ‘आयर्न फ्लेम’ मात्र अर्ध्यावर रखडलंय. नायिका व्हायलेट आणि तिचा प्रियकर झेडन फिरून फिरून ‘तू माझ्यापासून काय लपवतोस’ यावरच भांडतात. ‘मिस्टबॉर्न’ या फँटसी त्रयीचा दुसरा भागही शहराला वेढा पडला तिथे अडकलाय. नेटाने पुढे वाचावं का? तोंडपालट म्हणून ब्रिजर्टनची रोमान्स पुस्तकं घेतली तर क्रमानेच वाचावं लागतं का?

रातराणी:
(‘फोर्थ विंग’चा शेवट फोडतेय, सावधान.)
निव्वळ रोमान्समध्ये ही अडचण येतच नाही. जोडी जुळली की पुस्तक संपलं, पुढच्या पुस्तकात दुसरी जोडी. ब्रिजर्टन तसंच आहे: आठ भावंडं, आठ पुस्तकं. रोमँटसीत, म्हणजे फँटसीतल्या रोमान्समध्ये, जोडी तीच ठेवायची आणि ओढही टिकवायची असते. मग गुपित हे सगळ्यात स्वस्त साधन हाताशी येतं. झेडनच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की व्हायलेटचा जुना मित्र डेन स्पर्शाने आठवणी वाचतो, म्हणून तिला कमी सांगण्यात शहाणपण आहे. पण हे तिलाही ठाऊक असताना तोच वाद पुन्हा पुन्हा आला की वाचणारा वैतागणारच. ते संवाद खुशाल भरभर चाळा, राज्याभोवतीच्या जादूच्या संरक्षक भिंतींबद्दलचा मजकूर मात्र सोडू नका. शेवट त्यावरच उभा आहे.

ब्रिजर्टनची पहिली तीन पुस्तकं कशीही वाचा. चौथं, ‘रोमान्सिंग मिस्टर ब्रिजर्टन’ (2002), त्यांच्या आधी नको, कारण टोपणनावाने कुजबुज छापणारी लेडी व्हिसलडाउन कोण ते त्यात उघड होतं. नेटफ्लिक्सची मालिका बघितली असेल तर ते माहीत असेलच. तिथे तिसऱ्या सीझनलाच हे चौथं पुस्तक घेतलंय, त्यामुळे मालिकेच्या क्रमाने पुस्तकं उचलू नका.

दुसरा_अंक:
‘मिस्टबॉर्न’चा तो दुसरा भाग, ‘द वेल ऑफ असेन्शन’, सोडू नका. पहिल्या भागात सत्ता उलथवली, इथे राज्य चालवायचंय, म्हणून वेग पडतो. एका शहरावर तीन सैन्यं: स्ट्रॅफ, सेट आणि कोलॉस नावाचे राक्षसी प्राणी घेऊन आलेला जास्टेस. सभागृहाची चर्चा लांबते हे खरं. पण नायिका विन आणि राजा एलेंडमधला दुरावा गुपितातून आलेला नाही. चोरांच्या टोळीत वाढलेली आपण या पुस्तकी राजाला शोभतो का, ही शंका तिच्या स्वभावातूनच येते. म्हणून तो दुरावा खोटा वाटत नाही.

प्रकरणांच्या डोक्यावरचे छोटे उतारे वगळत असाल तर आधी ते वाचा. बहुतेकांचं इथेच चुकतं. ते सलग एकच लिखाण आहे आणि शेवटचा धक्का त्यावर बेतलेला आहे. ऑडिओबुकमध्ये ते कानावरून निसटतात. कोणत्या धातूने कोणती जादू होते याचा गोंधळ होत असेल तर पुस्तकाच्या शेवटी तक्ता दिलाय.

शाईचा_डाग:
रातराणी, गुपिताशिवायही जोडी ताणता येते. जेन ऑस्टिनच्या ‘पर्स्वेजन’मध्ये साखरपुडा मोडून आठ वर्षं झालीत, अडसर फक्त मानी स्वभावाचा आणि जुन्या सल्ल्याचा. फँटसीतच हवं असेल तर उर्सुला ले ग्विनच्या अर्थसी मालिकेतलं ‘तेहानू’ (1990). जादूगार गेडची जादू संपलेली, तेनार विधवा, दोघंही उतारवयाकडे झुकलेली. ड्रॅगनांच्या लढाया शोधाल तर कंटाळाल, आणि आधीचे तीन भाग वाचल्याशिवाय याला हात लावू नका.

पानउलट:
उतारे खरंच वगळत होतो. ‘मिस्टबॉर्न: सीक्रेट हिस्ट्री’ लहान आहे, तिसऱ्या भागाआधी उरकू का?

दुसरा_अंक:
मुळीच नको! पहिल्या तिन्ही भागांची रहस्यं त्यात फुटतात. आधी ती त्रयी, मग त्याच जगातल्या पुढच्या काळाची, वॅक्स-वेनची पहिली तीन पुस्तकं, ‘द बँड्स ऑफ मॉर्निंग’पर्यंत. त्यानंतर ते घ्या.