परदेशस्थ जोडप्यांचे दत्तक : सुरुवात कुठून केलीत? (अनुभव धागा)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली पुष्कळ जोडपी आता नोकरीसाठी परदेशात स्थिरावली आहेत, आणि त्यांपैकी जी दत्तकाचा विचार करतात ती सुट्टीत गावी आली की ‘सुरुवात कुठे करायची’ हेच विचारतात. पूर्वी ‘एखाद्या आश्रमात ओळख काढा’ असे सांगितले जाई. 1984 साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तक जाणाऱ्या मुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, 2003 साली भारताने आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या हेग कराराला मान्यता दिली, आणि आज ‘कारा’ला, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाला, वगळून दत्तक मूल देशाबाहेर नेता येत नाही. नियम सर्वत्र वाचायला मिळतात. येथे आपले पहिले काही महिने कसे गेले, कुठे अडले आणि घरात काय बोलणे झाले ते लिहावे. मुलाचे व संस्थेचे नाव कृपया देऊ नये.

म्यूनिक (मूळ चोपडा तालुका)

आमचे पहिले चार महिने माझ्या जन्मतारखेतच गेले. शाळेत नाव घालताना गुरुजींनी माझी तारीख 1 जून लिहिली, आणि माझ्या पिढीतल्या निम्म्या गावाची लिहिली तशीच ती दाखल्यावर व पुढे पासपोर्टवर आली. जर्मनीतील बालकल्याण कार्यालयाने होम स्टडीसाठी, म्हणजे दत्तक घेणाऱ्यांच्या घरच्या चौकशी-अहवालासाठी, मूळ जन्मदाखला मागितला, तेव्हा तालुक्याच्या जुन्या नोंदवहीत माझा जन्म ऑगस्टमधला निघाला. आई तर ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’ असे पहिल्यापासून सांगतच होती! त्यातच पत्नीचे माहेरचे नाव पदवीवर, सासरी बदललेले नाव विवाह प्रमाणपत्रावर, आणि पासपोर्टवर तिसरेच स्पेलिंग. आम्हाला हे सारे नेहमीचे वाटते, पण तिथल्या अधिकारीबाईंपुढे चार वेगळी माणसे उभी राहिली. कोणती तारीख व कोणते नाव प्रमाण मानायचे हे वकिलाकडून एकदाचे ठरवून घेतले, प्रतिज्ञापत्र केले, कागद परदेशात ग्राह्य धरले जावेत म्हणून परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का घेतला आणि मगच शपथबद्ध अनुवादकाकडे गेलो. अनुवाद आधी करून घेतला असता तर तो सगळा खर्च पुन्हा करावा लागला असता.

ज्यांना कोणी ‘परस्पर जमवून देतो’ म्हणेल त्यांच्यासाठी एक सूचना : अधिकृत मध्यस्थीशिवाय परदेशातून दत्तक घेण्यास जर्मनीत 2021 पासून बंदी आहे.

न्यू जर्सी (सासर यावल)

आम्ही दोघेही भारतीय पासपोर्टवर, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत. अमेरिकेत हेग करारानुसार अर्ज करण्यासाठी पती-पत्नींपैकी किमान एक जण अमेरिकन नागरिक असावा लागतो, हे आम्हाला एका संस्थेचे सल्लाशुल्क भरून झाल्यावर कळले. आमच्यासारख्यांनी भारतात दत्तक घेतले, तर मुलाला आश्रित म्हणून नेण्यासाठी दत्तक पालकाकडे दोन वर्षांचा कायदेशीर ताबा आणि तेवढाच सहवास दाखवावा लागतो. त्यामुळे दोन वर्षे मी मुलाबरोबर भारतात राहायचे, असे आम्ही आधी ठरवले आणि त्यानंतरच पुढचे पाऊल टाकले. पासपोर्ट कोणता आणि व्हिसा कोणता, हे पहिल्या दिवशीच विचारून घ्यावे.

घरातले बोलणे मात्र वकिलावर सोपवता येत नाही. सासऱ्यांची केळीची बाग आहे. त्यांचे म्हणणे होते, ‘नात्यातलंच घ्या, रक्त तरी आपलं राहील.’ मी वाद घातला नाही. बाल न्याय अधिनियम 2015 मधील कलम 63 मराठीत लिहून काढले आणि तो कागद त्यांच्या हातात दिला : आदेशाच्या तारखेपासून मूल सर्व अर्थांनी, वारसा धरून, दत्तक आईवडिलांचेच होते. त्यांनी चष्मा धोतराच्या सोग्याने पुसला, कागद दोनदा वाचला आणि विचारले, ‘म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागेल?’ मी ‘लागेल’ म्हटले. ‘मग भाऊबंदांना मी सांगतो,’ म्हणाले आणि बागेत पाणी द्यायला निघून गेले. त्यानंतर घरात हा विषय पुन्हा निघाला नाही.

पाचोरा

आमचा अनुभव अपुरा आहे, तरी लिहितो. दिराची धाकटी मुलगी आम्ही परदेशी न्यावी असे दोन्ही घरांनी ठरवले होते. नात्यातले दत्तक असले तरी जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा कौटुंबिक अहवाल, जन्मदात्यांची संमती आणि मूल पाच वर्षांचे किंवा मोठे असल्यास त्याचीही संमती लागते. ती तेव्हा सहा वर्षांची होती. विमानाचे नाव निघताच हसून ‘हो’ म्हणाली, आणि थोड्या वेळाने विचारले, ‘आई मागच्या गाडीने येईल ना?’ आम्ही दोघांनी त्याच रात्री तो विचार सोडला.

लीड्स (मूळ धुळे)

अनिवासी भारतीयांना ज्येष्ठता यादीत, म्हणजे मुलासाठीच्या प्रतीक्षेच्या क्रमात, निवासी भारतीयांच्या बरोबरीने धरतात, त्यामुळे ‘परदेशातून लवकर होते’ हा गावाकडचा समज खरा नाही. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज 85 पर्यंत चालते. आमची नोंदणीच्या वेळी 83 होती, म्हणून आम्ही तान्ह्या बाळासाठी नाव घातले. तीन वर्षांनी होम स्टडीची मुदत संपली आणि नवी करताना बेरीज पुढे गेली होती. त्या वेळी आम्ही चार ते सहा वर्षांच्या मुलाचा पर्याय निवडला. खरे सांगायचे तर मनातून तो आधीच निवडायला हवा होता.

एके सकाळी ओडिशातील एका मुलाची माहिती आली आणि त्याला राखून ठेवण्यासाठी 96 तास मिळाले. वैद्यकीय अहवालातील दोन ओळी आम्हाला कळत नव्हत्या. धुळ्याच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना तो पाठवला, त्यांनी रात्री अकराला फोन करून एकेक शब्द समजावून सांगितला आणि त्यानंतर आम्ही होकार दिला. आदेश तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी दिला, कारण सप्टेंबर 2022 पासून हे काम न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आले आहे. पासपोर्ट व व्हिसा होईपर्यंतचे आठवडे आम्ही धुळ्यात काढले. मुलाला फक्त ओडिया येत होती, माझी आई अहिराणीखेरीज बोलत नाही, आणि आम्ही दोघे मध्ये मराठी-हिंदीची कसरत करत होतो. चौथ्या दिवशी आई भाकरी थापता थापता ‘आठे ये’ म्हणाली, तेव्हा तो सरळ उठून तिच्याजवळ गेला आणि परातीतले पीठ बोटाने टोकरत बसला. आता दोन वर्षे पाठपुरावा अहवाल चालू राहतील : पहिल्या वर्षी दर तिमाहीला, दुसऱ्या वर्षी दर सहामाहीला.

चाळीसगाव (प्रश्न)

आमच्या लग्नाला चौदा महिने झाले आहेत आणि जानेवारीत आम्ही आयर्लंडला जात आहोत. नोंदणी आत्ताच करावी का?

लीड्स (उत्तर)

ताई, वैवाहिक जीवन किमान दोन वर्षे स्थिर असल्याशिवाय जोडप्याला मूल दिले जात नाही, त्यामुळे थोडे थांबावेच लागेल. होम स्टडीही तुम्ही ज्या देशात राहाल तिथे होईल. निघण्यापूर्वी विवाह नोंदणी करून घ्या, आणि म्यूनिकच्या दादांनी लिहिले आहे त्याप्रमाणे दोघांच्या जन्माच्या मूळ नोंदी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या.