अ‍ॅनाटॉमी शिकवायला काय घ्यावं? बजेट ४० हजार

मांजराकाठ (लातूर): फिजिओथेरपी, पहिलं वर्ष, ६० पोरं. प्रोजेक्टर आहे, लॅपटॉप ८ जीबीचा, नेटचा भरवसा नाही. ब्रॅकियल प्लेक्सस (मानेतून हातात जाणाऱ्या नर्व्हचं जाळं) फळ्यावर काढून डोक्यात शिरत नाही. वर्षाची वर्गणी नको.

गोदातीर: अ‍ॅनाटोमेज टेबल घ्या, टचस्क्रीनवर अख्खा देह उघडून दाखवतं. आमच्याकडे पोरं त्यापासून हलत नाहीत.

जालनेकर: ४० हजारांत टेबलाचं कव्हर येईल! व्हीआर हेडसेट घ्या.

तेरणाकाठ: एक हेडसेट, माणशी ५ मिनिटं, ६० पोरं. सलग ५ तास झाले की हो! झेड-अ‍ॅनाटॉमी हे देहाचं थ्रीडी मॉडेल फुकट आहे, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उघडतं, नेट लागत नाही. अख्खा देह उघडाल तर लॅपटॉप अडकेल. मान-खांदा-हात ठेवून बाकी काढा, वेगळी फाइल सेव्ह करा. क्लॅव्हिकल (गळपट्टीचं हाड) लपवायच्या आधी विचारा, मागं काय आहे. मॉडेल गरगर फिरवू नका, पोरांचं डावं-उजवं हरवतं. दर वेळी अ‍ॅनाटॉमिकल पोझिशनला (सरळ उभा, तळवे पुढं) आणून थांबा.

जायकवाडी: आधी यूपीएस. लाइट गेली की प्रोजेक्टरचा पंखा थांबतो, तापलेला लॅम्प लवकर जातो.

उदगिरी: इन्व्हर्टर असतोच की. आणि झेड-अ‍ॅनाटॉमी म्हणून एक फुकटचं येतं, ते बघा.

तेरणाकाठ: वर तेच लिहिलंय.

जायकवाडी: इन्व्हर्टर यूपीएस मोडवर नसेल तर प्रोजेक्टर बंद पडतोच.

अंबाजोगाईकर: मॉडेलात नर्व्ह पिवळी, धमनी लाल, शीर निळी. फॉर्मॅलिनमधल्या देहात सगळंच मळकट, पोरं तिथंच फसतात. शिवाय मॉडेल म्हणजे एकच माणूस. वर्गाला अंगठा-करंगळी जुळवून मनगट वाकवायला सांगा. काहींच्या मनगटावर मधली दोरी उठणारच नाही, पाल्मारिस लाँगस हा स्नायू कित्येकांत नसतो. आडव्या छेदांसाठी व्हिजिबल ह्यूमन प्रोजेक्टचे खऱ्या देहाचे फोटो फुकट आहेत, १९९४ चा पुरुषदेह, १ मिमीचे काप. सगळे उतरवू नका, लै जड. छातीचे ८-१० पुरे.

गोदातीर: टेबलात हे सगळं असतं.

मांजराकाठ: आभार. डॉक्युमेंट कॅमेरा (टेबलावरची वस्तू प्रोजेक्टरवर दाखवणारा) घेतेय, उरलेल्यात हाडांचा एक सेट. कॅमेऱ्याखाली लोकरीचे ५ दुपदरी धागे, म्हणजे मणक्यातून निघणारी नर्व्हची ५ मुळं (सी५ ते सी८ आणि टी१): सी५-सी६ची गाठ वर, सी७ एकटा, सी८-टी१ची खाली. मग प्रत्येकाचे पदर पुढं-मागं फोडायचे. मागचे तिन्ही जुळले की पोस्टेरियर कॉर्ड (मागचा दोर). पुढचे वरचे दोन मिळून लॅटरल (बाहेरचा), खालचा एकटा मीडियल (आतला). पोरांनीच बांधायचं, चुकलं तर सोडायचं.

जालनेकर: मग विचारलं कामून?

जायकवाडी: कॅमेरापण प्रोजेक्टरवरच चालणार ना? यूपीएस.