रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस

"गरोदरपणातल्या तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत मन रमव," असं लोक सांगतात. सल्ला चांगला आहे हो, पण जमत नाही!

माझ्या डबल मार्करमध्ये, म्हणजे गरोदरपणातल्या सुरुवातीच्या रक्ततपासणीत, डाउन सिंड्रोमची (बाळाच्या पेशींत एक गुणसूत्र जास्त असण्याची) शक्यता १:१८० आली. डॉक्टर म्हणाल्या, हे निदान नाही, नुसता अंदाज; अशा १८० जणींपैकी १७९ जणींचं बाळ त्या बाबतीत ठीक असतं. हे गणित मला दवाखान्यात पटलं आणि दादरच्या पुलावर येईपर्यंत विसरलं. सोळाव्या आठवड्यात अ‍ॅम्निओ केली, म्हणजे पोटातून सुईने गर्भजल काढून तपासायला दिलं. फिशचा, म्हणजे मोजक्या गुणसूत्रांच्या झटपट चाचणीचा, रिपोर्ट तीन दिवसांत नॉर्मल आला, पण कॅरिओटाइपला, म्हणजे सगळी गुणसूत्रं तपासायला, तीन आठवडे, कारण पेशी लॅबमध्ये वाढवाव्या लागतात. तेव्हा गर्भपाताची कायदेशीर मर्यादा २० आठवड्यांचीच होती. म्हणजे सोळा अधिक तीन, एकोणीस. हा हिशोब मी कॅलेंडरवर बोट ठेवून रोज करायचे. (२०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं, तर २४ आठवड्यांनंतरही परवानगी मिळते.)

जाऊबाईंनी बाळंतविड्यासाठी पिवळी लोकर आणली होती. मी ती माळ्यावर टाकली. बँकेचा फोन आला तरी छातीत धस्स व्हायचं. सासूबाईंनी एकदाही रिपोर्टचं विचारलं नाही, फक्त दिवसातून चारदा "चहा ठेवू का गं?" एवढंच.

माझ्या बहिणीने मात्र अ‍ॅम्निओला सरळ नकार दिला. "कळून मी काही करणार नाही, मग कशाला?" तिला झोप लागायची, मला नाही.

लोकर शेवटी सातव्या महिन्यात खाली काढली.