'ओम तेलोलेत ओम' मधला 'ओम' कोणता?

प्रश्न, पुण्याहून

लेकीने काल एक जुना व्हिडिओ दाखवला. जावा बेटावरचा हमरस्ता, कडेला शाळकरी पोरं, हातात पुठ्ठ्याचा फलक आणि त्यावर रोमन लिपीत 'ओम तेलोलेत ओम'. बस येते, ड्रायव्हर हॉर्नवर एक गमतीशीर धून वाजवतो आणि पोरं अक्षरशः वेडी होऊन नाचतात. सासूबाई शेजारीच होत्या. म्हणाल्या, "बघ, तिकडेही ॐ म्हणतात." घरच्या ग्रुपवर तर हा व्हिडिओ 'परदेशातली मुलं मंत्र म्हणतात, आपली मात्र विसरली' अशा मथळ्याखाली फिरतोय. मला काही ते पटेना. मंत्र म्हटल्यावर कुठली बस हॉर्न वाजवते? इंडोनेशियन भाषा जाणणारं कोणी आहे का इथे?

बांडुंगकर

आहे. मूळचा इचलकरंजीचा, जावातल्याच बांडुंगजवळच्या सूतगिरणीत बरीच वर्षं झाली. ताई, तुमची शंका रास्त आहे. हा 'ओम' म्हणजे काका. डचांनी जाताना मागे ठेवलेला शब्द. मावशी-आत्याला इथे 'तांते' म्हणतात, तोही डचच. 'तेलोलेत' हा त्या हॉर्नच्या आवाजावरून पडलेला शब्द, आपला 'पोंपों' तसा. म्हणजे फलकाचा अर्थ एवढाच: "काका, हॉर्न वाजवा ना काका!" काका दोनदा का, तर गळ घालायची आहे म्हणून. आपली पोरं नाही का "दादा, एकदाच, प्लीज दादा" करत?

डिसेंबर २०१६ मध्ये हे जगभर गेलं. इंडोनेशियन पोरांनी परदेशातल्या नामांकित डीजेंच्या पानांवर जाऊन हे एकच वाक्य इतक्या वेळा लिहिलं की ते विचारू लागले, बाबांनो, हे आहे तरी काय? काहींनी मग त्या हॉर्नवर गाणीही बांधली. पुढची गोष्ट मात्र वाईट आहे. बसमागे धावताना एका लहान मुलाचा जीव गेला आणि २०२४ मध्ये सरकारने असे हॉर्न लावायला मनाई केली.

नागपूरकर

काका असेल, मान्य. पण त्या भाषेत संस्कृत ठासून भरलंय हे तर नाकारता येणार नाही ना? भाषेला 'बाहासा', रंगाला 'वार्ना', आवाजाला 'सुआरा'. सिनेमाच्या दिग्दर्शकाला तर चक्क 'सुत्रादारा', म्हणजे सूत्रधार! मग एक ओम तेवढा डच कसा?

बांडुंगकर

दादा, तुमची यादी बरोबर आहे, ती आणखी वाढवून देतो. गोष्टीला 'चेरिता', म्हणजे चरित. शब्दाला 'काता', ती आपली कथा. पण ओळखीचा आवाज आला म्हणून अर्थही ओळखीचा निघेल, या भरवशावर इथे राहिलात तर रोज फजिती. टीव्हीवरची निवेदिका हसतमुखाने "पुढचा आचारा" म्हणते. पहिले काही महिने मला वाटायचं, आता काहीतरी सोवळंओवळं दाखवणार. 'आचारा' म्हणजे कार्यक्रम, बस. लागायचा तो लोकांना गुदगुल्या करून हसवणारा कुठलातरी प्रकार.

आणि 'चिन्ता' म्हणजे प्रेम! "आकु चिन्ता कामु" म्हणजे "माझं तुझ्यावर प्रेम आहे". उगम आपल्याच चिंतेत आहे. ज्याचा विचार मनातून जात नाही ते प्रेम, असा प्रवास झाला असावा असं मी समजतो. इचलकरंजीच्या आमच्या आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्यात नवीन काय?" प्रेमात पार वाहवलेल्या माणसाला इथली तरुण मंडळी 'बुचिन' म्हणतात. 'बुडाक चिन्ता' याचं ते आखूड रूप, म्हणजे प्रेमाचा गुलाम. ऑनलाइन गप्पांत हा शब्द पावलोपावली दिसतो.

सर्वांत मोठी फजिती राहिलीच. आमच्या गिरणीच्या कँटीनमध्ये दुपारी इंडोसियार वाहिनी लावलेली असते. तिथे एक मालिका लागते, नाव 'सुआरा हाती इस्त्री'. मी मनात म्हटलं, हाती इस्त्री घेऊन कपडे करायची मालिका? 'हाती' म्हणजे काळीज आणि 'इस्त्री' म्हणजे बायको, आपली स्त्री. बायकोच्या काळजाचा आवाज. नवरा म्हणजे 'सुआमी', अर्थात स्वामी, आणि तो स्वामी दर भागात तिला फसवत असतो. जेवणाऱ्या बायका डबे अर्धवट ठेवून त्याला शिव्या घालतात.

सांगलीकर

हाहा, हाती इस्त्री! एक विचारू? मालिकेला तिकडे 'सिनेत्रोन' म्हणतात असं वाचलंय. हे संस्कृत की डच?

बांडुंगकर

दोन्ही नाही, कात्री. 'सिनेमा एलेक्त्रोनिक' कापून 'सिनेत्रोन'. दोन शब्द घ्यायचे, दोन्हींचं डोकं-शेपूट कापायचं आणि जोडायचं, हा इथला राष्ट्रीय छंद आहे. आपल्याकडे वर्तमानपत्रं झोपडपट्टी पुनर्वसनाला 'झोपु' योजना लिहितात, तसंच, पण सरकारी कचेरीपासून प्रेमपत्रापर्यंत सगळीकडे. 'नोन्तोन बारेंग', म्हणजे सोबत बसून बघणं, याचं झालं 'नोबार'. फुटबॉलची मोठी मॅच असली की चहाच्या टपरीबाहेर पाटी लागते, आज नोबार.

माझा सर्वांत आवडता शब्द 'मिस्बार'. पूर्वी गावच्या मैदानात बांबू रोवून पडदा बांधायचे आणि सिनेमा दाखवायचे, त्याला 'लायार तांचाप' म्हणजे रोवलेला पडदा म्हणत. वर छप्पर नाही. म्हणून लोकांनीच टोपणनाव ठेवलं, 'गेरिमिस बुबार': भुरभुर आली की पांगा. त्याचं आखूड रूप मिस्बार.

सांगलीकर

आमच्या जत्रेतल्या तंबूला निदान कापड तरी होतं डोक्यावर. ते गळायचं, ही गोष्ट वेगळी.

साताऱ्याहून

मला दुसऱ्या ओमबद्दल विचारायचंय. यूट्यूबवर इंडोनेशियन लग्नातल्या गाण्यांचे व्हिडिओ बघतो, ढोलकीसाठी. मागच्या बॅनरवर पथकाच्या नावाआधी रोमनमध्ये ओ आणि एम असतं. तेही काका का?

बांडुंगकर

वा, बरोबर पकडलंत! नाही, हा तिसराच. 'ओर्केस मेलायू', म्हणजे मलाय वाद्यवृंद, याची आद्याक्षरं. पन्नास-साठच्या दशकात ही पथकं हिंदी सिनेमाच्या चाली उचलून त्यावर मलाय शब्द बसवायची. त्यातूनच 'दांगदुत' हा प्रकार निघाला. नाव पुन्हा आवाजावरूनच: तबल्यासारख्या जोडवाद्यावर एक ठोका 'दांग' आणि एक 'दुत'. शिष्ट लोकांनी ते हिणवायला ठेवलं होतं. सत्तरच्या दशकात रोमा इरामा यांनी आपल्या सोनेता पथकात इलेक्ट्रिक गिटार आणली आणि हिणवायचं नाव मिरवायचं झालं. त्यांना आजही 'दांगदुतचा राजा' म्हणतात. तुम्ही बघता ती जलद ढोलकीची तऱ्हा बहुधा 'कोप्लो', पूर्व जावाकडची.

खरा ॐ हवा असेल तर बालीला जा. तिथले हिंदू भेटल्यावर हात जोडून "ओम स्वस्त्यस्तु" म्हणतात. तो आपलाच. एकाच देशात काका, बँड आणि प्रणव, तिन्हींची वर्णाक्षरं सारखी.

साताऱ्याहून

त्या व्हिडिओंत पाहुणे रंगमंचावर चढून गायिकेच्या हातात एकेक नोट देतात. त्याला काय म्हणतात? आपली दौलतजादाच दिसते.

बांडुंगकर

'सावेर'. या शब्दावर मी तासभर बोलू शकतो, थोडक्यात आवरतो.

मी राहतो तो सुंदा लोकांचा मुलूख. त्यांच्या लग्नात नवरा-नवरीवर तांदूळ, हळदीचे तुकडे, नाणी आणि गोळ्या उधळतात, छत्रीखाली उभं करून. तो सावेर. आपल्या अक्षताच, फक्त आपल्या अक्षतांमागे पोरं धावत नाहीत. इथे नाणी आणि गोळ्या वेचायला झुंबड उडते. शेजारच्या लग्नात माझ्याही डोक्यावर एक नाणं आपटलं होतं. तोच शब्द दांगदुतच्या रंगमंचावर गेला आणि अर्थ झाला गायिकेला पैसे देणं. मग दांगदुत गायिका इनुल दारातिस्ता आल्या, पूर्व जावातल्या पासुरुआनच्या. ड्रिलसारखा कंबरेचा नाच, त्याला 'ङेबोर' म्हणजे भोक पाडणं असंच नाव. यूट्यूबचा जन्मही झाला नव्हता, पण गावोगावच्या कार्यक्रमांच्या चोरट्या व्हीसीडी देशभर फिरल्या आणि २००३ मध्ये त्या राष्ट्रीय टीव्हीवर पोचल्या. खुद्द रोमा इरामा यांनी त्या नाचावर जाहीर आक्षेप घेतला. त्याने तो आणखीच गाजला, हे सांगायला नको.

आता सावेर शब्दाचा तिसरा मुक्काम. गेम खेळत थेट प्रक्षेपण करणाऱ्या पोरांना प्रेक्षक मोबाइलवरून पैसे पाठवतात, त्यालाही 'सावेर'. त्यासाठी 'सावेरिया' नावाची सेवासुद्धा आहे.

नागपूरकर

मग मराठीत थेट प्रक्षेपणातल्या पैशाला दौलतजादा म्हणायचं का? मला जरा अवघडल्यासारखं वाटतं. त्या शब्दाला बैठकीचा, फेट्याचा आणि पुरुषी माजाचा वास आहे. गेम खेळणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराला कोण दौलतजादा करतंय?

साताऱ्याहून

वास आहे खरा. पण रचना बघा ना. बारीत नोट दिली की कलावंतीण गाणं थांबवून देणाऱ्याचं नाव पुकारते, गावासकट. माणूस पैसे देतो ते निम्मे त्या पुकाऱ्यासाठी. प्रक्षेपणातही पैसे आले की पडद्यावर देणाऱ्याचं नाव झळकतं आणि पोरगं खेळ थांबवून आभार मानतं. आमचा चुलतभाऊ दहा रुपये पाठवतो आणि नाव वाचलं गेलं की स्क्रीनशॉट सगळ्यांना धाडतो. ही दौलतजादा नाही तर काय? इंडोनेशियनांनी अक्षतांचा शब्द थेट मोबाइलपर्यंत आणला, आपण तमाशाचा आणायला लाजतो.

बांडुंगकर

माझं मत साताऱ्याकडे. 'दान' म्हटलं की पुण्य चिकटतं, 'भेट' म्हटलं की पुकारा जातो. सावेरमध्ये देणाऱ्याची हौस आहे, ती दौलतजादातच येते.

बाकी एका ठिकाणी आपण त्यांच्या पुढे आहोत. इंटरनेटवरच्या जनतेला ते 'वार्गानेत' म्हणतात. 'वार्गा' म्हणजे नागरिक, उगम आपला वर्ग. शब्द चांगला आहे, पण त्यात सरकारी ओळखपत्र दिसतं. आपला 'नेटकरी' बघा, शेतकरी-वारकऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसलाय.

प्रश्नकर्ती, पुण्याहून

सगळ्यांचे आभार. काल रात्री बांडुंगकरांचा पहिला खुलासा जसाच्या तसा घरच्या ग्रुपवर टाकला. तीन अंगठे आले. मग नाशिकच्या काकांनी तोच व्हिडिओ त्याच मथळ्यासह पुन्हा टाकला, खाली हात जोडलेले. सासूबाईंना मात्र पटलं. त्यांनी चष्मा लावून परत एकदा पाहिला आणि विचारलं, "काका म्हणतायत होय? मग दुसऱ्या बसवाल्याने का नाही गं वाजवला?"